मैत्रिणीचं नाव छापून येतं तेव्हा



कुणाच्या घरी दुःख झालं की काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. निरोप आला की आपण गॅस बंद करतो, साडी बदलतो आणि निघतो. शेजारीण दवाखान्यात असली तर तिच्या घरचा डबा कुणी करायचा, हे न ठरवताच ठरतं. तिच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर बसवून सूर्य मावळायच्या आत जेवायला वाढतो. या बाबतीत आपल्या बायकांना कुणी नाव ठेवू शकणार नाही.

पण मैत्रिणीचं काही चांगलं झालं तर? तिच्या मुलाला मोठी नोकरी लागली, तिचं घर झालं, तिचं नाव कुठे छापून आलं तर? तेव्हाही आपण जातो, पेढा खातो, "छान झालं हं" म्हणतो. घरी येताना मनात काय चालू असतं, ते फक्त आपल्याला माहीत असतं. आजचा लेख त्याबद्दल आहे. माझीच चूक सांगायची आहे, म्हणून लिहायला वेळ लागला.

आमच्या आंजीत आम्ही पाचजणी गेली काही वर्षं रविवारी दुपारी एकत्र बसतो. तीन ते पाच. पाचला उठावंच लागतं, कारण आम्हा दोघींच्या घरी दिवस मावळायच्या आत ताटं व्हायला हवीत, आणि उरलेल्या तिघी जैन नसल्या तरी त्यांनाही घर आहेच. बसतो म्हणजे लिहितो. मोठं काही नाही. महावीर जन्मकल्याणकाला बायकांनी करायची नाटिका, हळदीकुंकवाला म्हणायचे नवे उखाणे, कुणाच्या डोहाळजेवणाचं गाणं, शाळेच्या गॅदरिंगसाठी एखादा हसवणारा प्रवेश. एक जाड दोनशे पानी वही आहे, ती दर रविवारी एकीच्या घरी जाते. चहा, कांदा न घातलेले पोहे आणि ती वही, एवढाच आमचा पसारा.

आमच्यात एक दुकानवाल्या वहिनी आहेत, त्यांना सगळ्या गावाच्या बोलण्याच्या लकबी येतात. एक शिक्षिका ताई, त्या ऱ्हस्वदीर्घ तपासतात. एक काकू, ज्या स्वतः ओळही लिहीत नाहीत, पण "हे खोटं वाटतंय गं" एवढं म्हणाल्या की ते पान फाडावंच लागतं. चौथी माझ्या वयाची, माझी सगळ्यात जवळची. पाचवी मी. वहीच्या शेवटच्या पानांवर आम्ही लिहून ठेवत गेलो : पहिली नाटिका झाली तो दिवस, वहिनींच्या मुलीचं लग्न, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन, पन्नासावा रविवार, शंभरावा रविवार. शंभराव्याला शिरा केला होता.

२०२२ च्या दिवाळीत माझ्या त्या जवळच्या मैत्रिणीची कथा एका दिवाळी अंकात छापून आली. खरीखुरी, नाव घालून. ती अंक घेऊन धावतच आमच्याकडे आली. मी उभ्या उभ्याच वाचली. त्या कथेत एक पितळी डबा होता. सासूबाई देवाघरी गेल्यावर सून तो उघडते, तर आत मेथीचे दाणे, एक गंजलेली सुई आणि सुनेच्या पहिल्या बाळाचं टोपडं निघतं.

तो डबा आमच्या घरचा होता. माझ्या सासूबाईंचा. मीच एका रविवारी ते सांगितलं होतं आणि सांगताना रडले होते.

मी "छान झालीय" म्हटलं आणि अंक परत दिला. तिचा चेहरा जरा पडला, तो मला दिसला आणि बरंही वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण बरं वाटलं हे खरं आहे.

त्यानंतर मी रविवारी जायची टाळू लागले. एकदा पाहुणे, एकदा डोकं दुखतंय, एकदा कापूस वेचायला बाया लावल्यात म्हणून शेतावर जायचंय. घरात मात्र बोलून दाखवायची की माझी गोष्ट चोरली. नवरा म्हणाला, "मग तू का नाही लिहिलीस?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून त्याच्यावरही राग.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. वर्ध्यात याआधी १९६९ मध्ये संमेलन झालं होतं, पु. शि. रेगे अध्यक्ष असताना. इतक्या वर्षांनी साहित्य आपल्या दारात आलं होतं. आम्ही पाचजणींनी आधीपासून ठरवलं होतं की जायचंच. न जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीही गेले. एसटीत मी वहिनींच्या शेजारी बसले, ती मागच्या सीटवर. ग्रंथप्रदर्शनात शिक्षिका ताईंनी मराठी कवितेच्या इतिहासावरचं एक पुस्तक घेतलं आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुम्ही आधी वाचा. रविकिरण मंडळाचं जरूर वाचा. आपल्यासारखीच माणसं होती." त्यांना माझं सगळं कळलं होतं हे मला नंतर लक्षात आलं.

रविकिरण मंडळाचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी ऐकलेलं आहे. कवी यशवंतांची 'आई' ही कविता ज्यांना आठवते, त्यांना ते माहीत आहे असंच समजा. १९२३ साली पुण्यात हे मंडळ सुरू झालं. काही कवी मित्र रविवारी चहाला जमत, एकमेकांना नव्या कविता वाचून दाखवत. गंमतीनं त्याला 'सन टी क्लब' म्हणत, म्हणजे रविवारचा चहा. पुढे त्याच रविवारवरून रविकिरण. नाव भारदस्त वाटतं, पण मुळात होता तो चहाच. हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं.

त्या चहाला येणारी माणसं पाहा. फारसीचे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन. शंकर केशव कानेटकर, म्हणजे गिरीश. हेच पुढे नाटककार झालेल्या वसंत कानेटकरांचे वडील. यशवंत दिनकर पेंढरकर, म्हणजे आपले यशवंत. श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. वि. द. घाटे. शाळामास्तर असलेले शंकर काशिनाथ गर्गे, ज्यांना आपण नाट्यछटाकार दिवाकर म्हणून ओळखतो. आणि ग. त्र्यं. माडखोलकर, जे पुढे आपल्या विदर्भात आले आणि नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक झाले.

कुणी प्राध्यापक, कुणी शिक्षक, कुणी कारकुनी करणारा. सगळे पोटापाण्याच्या कामातून वेळ काढून येणारे. त्याच १९२३ साली त्यांनी 'किरण' नावाचं एकत्रित पुस्तक काढलं. मग पुढचीही पुस्तकं मंडळाच्या नावानं आली. यशवंत आणि गिरीश कविता गाऊन दाखवत, आणि त्या ऐकायला लोक गर्दी करत. तोवर कविता ही पुस्तकात डोळ्यांनी वाचायची गोष्ट होती. या मंडळींनी ती सभेत कानांनी ऐकायची, चार लोकांनी मिळून आनंद घ्यायची गोष्ट केली.

आता मजा पाहा. या एका चहाच्या टेबलावरून पुढे साहित्य संमेलनाचे चार अध्यक्ष निघाले. माधव जूलियन १९३६ मध्ये जळगावला, माडखोलकर १९४६ मध्ये बेळगावला, यशवंत १९५० मध्ये मुंबईला आणि घाटे १९५३ मध्ये अहमदाबादला. जूलियनांना 'छंदोरचना' या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. यशवंत बडोद्याचे राजकवी झाले. गिरीशांच्या वाट्याला ते अध्यक्षपद आलं नाही. दिवाकर तर १९३१ मध्येच गेले. एकाच टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाला मान मिळाला, कुणाला नाही. कुणाला आधी, कुणाला नंतर.

मी तिथेच थांबले. मनात आलं, जूलियन जळगावच्या व्यासपीठावर बसले असतील तेव्हा बाकीच्यांना काय वाटलं असेल? आपल्या रविवारच्या चहाला येणारा माणूस, ज्याच्या कच्च्या ओळी आपण ऐकल्या, ज्याला आपण एखादा शब्द सुचवला असेल, तो आज वर बसलाय. एखाद्याच्या मनात आलंच असेल की तो शब्द माझा होता. ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं असो वा नसो, माणसं होती, त्यांनाही मन होतं.

आणि त्यांच्यावर टीकाही काही कमी झाली नाही. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं 'झेंडूची फुले' लिहिली, १९२५ मध्ये, आणि मंडळातल्या कवींच्या लकबींची अशी विडंबनं केली की आजही लोक हसतात. अशा मंडळांवर आणखी एक आरोप नेहमीच होतो : हे लोक एकमेकांची पाठ थोपटतात, बाहेरच्याला जवळ येऊ देत नाहीत. हा आरोप मला पूर्ण खोटा वाटत नाही. चार माणसं रोज एकमेकांना "वा, वा" म्हणू लागली की लिखाण बिघडतं, आणि माणसंही. आमच्यात काकू नसत्या तर आमची वही कधीच गोडगोड होऊन गेली असती. खोटं कौतुक करणं आणि दुसऱ्याच्या गुणानं खरोखर आनंद होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोपी आहे, ती आपण लग्नकार्यात दिवसभर करतो.

मंडळातल्या एकुलत्या एका स्त्रीबद्दल, मनोरमाबाईंबद्दल, मला सगळ्यात जास्त वाचायचं होतं आणि तिथेच सगळ्यात कमी होतं. त्या १९२६ मध्ये गेल्या. मंडळ सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. नवराबायकोच्या कवितांचं पुस्तक 'श्रीमनोरमा' या नावानं आहे. दोघांची नावं जोडून एकच नाव. पण मनोरमाबाईंच्या शेजारी बसून "अगं, हे कडवं फार छान झालंय" म्हणणारी दुसरी एकही बाई त्या टेबलावर नव्हती. सगळे चांगले मित्र होते, त्यात शंका नाही. तरीही मला ती जागा रिकामी वाटली.

संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री यायला १९६१ साल उजाडलं. ग्वाल्हेरच्या संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. त्या आपल्या अमरावतीच्या, नंतर नागपूरला प्राध्यापक. त्यांचे पती कवी अनिल १९५८ मध्ये मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होऊन गेले होते. पहिलं संमेलन १८७८ मध्ये भरलं होतं. म्हणजे ८३ वर्षं लागली. त्यानंतर दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजयाबाई राजाध्यक्ष, आणि २०१९ मध्ये आपल्या यवतमाळच्या संमेलनाला अरुणा ढेरे. २०१९ पर्यंत एवढ्याच, बोटांवर मोजता येण्याइतक्या.

बायकांमध्ये हुशारी कमी होती म्हणून असं झालं, असं कुणीही म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पुरुषांना रविवारचा चहा होता, आपल्याला नव्हता. रविवार म्हणजे आपल्याला उलट जास्त काम. सगळे घरी, सगळ्यांना गरम हवं. पुरुष मित्रांकडे गेला तर तो मित्रांकडे गेला, बाई मैत्रिणीकडे गेली तर "कशाला?" असं विचारलं जातं. आणि आपणच उत्तरात काहीतरी काम जोडतो : पापड लाटायचे होते, पिशवी परत द्यायची होती. नुसती मैत्री हे कारण आपल्याला पुरेसं वाटत नाही.

म्हणून मला विद्या बाळ यांचं मोठं कौतुक वाटतं. 'स्त्री' मासिकाचं संपादन केल्यावर त्यांनी १९८९ मध्ये स्वतःचं मासिक काढलं आणि त्याला नाव दिलं 'मिळून साऱ्याजणी'. त्यांचे सगळे विचार आपल्याला पटतील असं नाही, आपल्या घरांतून त्यावर वादही होतील. पण ते नाव पाहा. बाईनं एकटीनं पुढे जायचं नाही, मिळून जायचं, हे त्या दोन शब्दांत आहे.

एवढं सगळं वाचूनही माझा राग गेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. इतिहास वाचून कुणाचा राग जात असता तर फार बरं झालं असतं. फक्त एक झालं. पूर्वी मला वाटायचं की मी बरोबर आहे. आता वाटू लागलं की मी कदाचित बरोबर असेनही, पण त्यात माझं सुख काहीच नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळे चातुर्मास महिन्यानं लांबला. पर्वही पुढे गेलं. मला वाटलं, बरं झालं, क्षमावाणीला अजून वेळ आहे. क्षमा मागायचं टाळण्यासाठी पंचांगाचा आधार घेणारी मी बहुधा पहिलीच असेन.

भाद्रपदात दसलक्षण पर्व सुरू झालं. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, हा आपला नेम. दहा दिवस, दहा अध्याय. पहिल्या दिवशी उत्तम क्षमा झाली, दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव. मी ऐकत होते आणि प्रत्येक वाक्य कुणाला तरी दुसरीला लागू पडतं असं मनात म्हणत होते. आपलं असंच होतं ना? प्रवचनात आपल्याला नेहमी आपली जाऊ आठवते.

सातव्या दिवशी सातवा अध्याय. उत्तम तपाचा दिवस. माझा उपवास होता, त्यामुळे डोकं हलकं झालं होतं आणि मन जरा शांत. त्या अध्यायात चार भावना सांगितल्या आहेत, त्या तुम्हाला पाठ असतील : सगळ्या जीवांबद्दल मैत्री, गुणवंतांबद्दल प्रमोद, दुःखी जीवांबद्दल कारुण्य आणि जे ऐकायला तयार नाहीत त्यांच्याबद्दल माध्यस्थ्य. आचार्य अमितगतींचा सामायिक पाठही याच चार भावनांनी सुरू होतो. मी तो लहानपणापासून म्हणते. आईनं स्वयंपाक करता करता पाठ करून घेतला होता.

पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मैत्री आणि प्रमोद हे दोन वेगळे शब्द आहेत. मैत्रीत प्रमोद आपोआप येत असता, तर तो वेगळा सांगायची गरजच काय होती? कारुण्यही वेगळं सांगितलं आहे. म्हणजे दुःखात धावून जाणं हा एक अभ्यास आणि दुसऱ्याचा गुण पाहून आनंद होणं हा दुसरा. पहिल्यात आपण पास आहोत. दुसऱ्याचा पेपर आपण दिलेलाच नाही.

आणि कारुण्यात एक सोय आहे. दुःखी मैत्रिणीपुढे आपण थोड्या वर उभ्या असतो. आपल्याकडे डबा आहे, तिच्याकडे नाही. आनंदी मैत्रिणीपुढे आपण थोड्या खाली उभ्या राहतो. तिच्याकडे अंक आहे, आपल्याकडे नाही. तिथे उभं राहून खरोखर हसायचं, हे तप आहे. मी अन्न सोडून बसले होते, पण ती कथा मनातून सोडायला तयार नव्हते.

पर्व संपलं. क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून मोबाईलवर "उत्तम क्षमा" येत होतं. फुलांचे, दिव्यांचे फोटो. मीही सगळ्यांना एकच चित्र पाठवून दिलं. तिचं नाव आलं तेव्हा बोट थांबलं. ते चित्र तिला पाठवलं असतं तर माझं काम झालं असतं आणि काहीच झालं नसतं. मी चप्पल घातली आणि तिच्याकडे गेले.

ती तूर निवडत होती. मी सरळ म्हटलं, "त्या कथेमुळे माझ्या मनात वर्षभर वाईट होतं. तुझं चांगलं झालं ते मला बघवलं नाही. मला क्षमा कर."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुला आवडेल. तुझ्या सासूबाई मला फार आवडायच्या गं. मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणशील अशी भीती वाटली." आणि मग, "मीही क्षमा मागते."

म्हणजे चूक दोघींची होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा लेखांत शेवटी सगळा दोष लिहिणारीनं आपल्याकडे घ्यायचा अशी पद्धत आहे. तिनं विचारायला हवं होतं. दुसरीचं दुःख लिहायला घेण्याआधी विचारावं, हा नियम आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर शिक्षिका ताईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे. पण तिनं विचारलं नाही म्हणून तिच्या गुणाचा मला आनंद होऊ नये, हे काही बरोबर नाही. ती कथा चांगली होती. मी ती दुसऱ्यांदा वाचली, या वेळी बसून. डब्यातलं टोपडं पाहून सून ते स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघते, असा शेवट तिनं केला होता. ते मी सांगितलं नव्हतं. ते तिचंच होतं. मी शंभर वेळा तो डबा उघडला, मला ते सुचलं नाही.

तर सख्यांनो, यातून माझं मत काय झालं ते सांगते. पटलं तर घ्या.

एक तर, प्रत्येकीला आठवड्यातून एक ठरलेली वेळ मैत्रिणींसाठी हवी. किटी किंवा भिशी नव्हे, पापड-शेवयाही नव्हेत. मिळून काहीतरी करण्याची वेळ. भजनं रचा, नाटिका लिहा, जुन्या पाककृती उतरवून घ्या, पाठशाळेतल्या मुलांसाठी खेळ तयार करा. काहीही. रविकिरण मंडळ टिकलं आणि लक्षात राहिलं, कारण त्यांच्याकडे चहाबरोबर एक काम होतं आणि ते काम सगळ्यांचं होतं. 'किरण'वर एकाचं नाव नव्हतं, सगळ्यांचं होतं. नुसत्या गप्पांच्या मैत्रीला पहिला धक्का लागला की ती तुटते. कामाची मैत्री जरा चिवट असते, कारण रविवारी वही कुणाकडे आहे हे तरी विचारावंच लागतं. माझ्या त्या रुसलेल्या वर्षातही वहिनी दर आठवड्याला विचारायच्या, "येताय ना?" त्यांनी विचारणं सोडलं असतं तर मी आज हे लिहीत नसते.

दुसरं, एखादी काकू जरूर ठेवा. खरं सांगणारी. नाहीतर आपलं मंडळ म्हणजे एकमेकींच्या फोटोखाली हृदयं टाकण्याचा उद्योग होईल.

तिसरं, मैत्रिणीचं काही छान झालं की चोवीस तासांच्या आत तिच्या घरी जा. दुःखात जातो तसंच. गॅस बंद करून, साडी बदलून. उशीर केला की मन कारणं शोधायला लागतं, हा माझा अनुभव आहे. आधी पाय जाऊ देत, मन मागून येतं. कारुण्याची सवय आपल्याला अशीच लागली ना? लहानपणी आईबरोबर कुणाच्या तरी घरी गेलो, काही कळत नव्हतं तरी बसलो, आणि मोठेपणी ते आपोआप जमू लागलं. मग मुलींना आनंदाच्या घरीही बरोबर नेऊ या. त्यांना दिसू दे की आई दुसऱ्या बाईचं कौतुक करताना खोटं हसत नाही.

काही जणी म्हणतील, एवढ्याशा मत्सराला काय एवढं? कुणाचं काय नुकसान झालं? माझं झालं. वर्षभराचे रविवार गेले. त्या वर्षात काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वहिनी आजी झाल्या, वहीत एक नवी नाटिका आली. त्या नाटिकेत माझी एकही ओळ नाही. शेवटच्या पानांवर सगळ्या नोंदी आहेत, चौघींच्या अक्षरांत. माझं अक्षर मध्येच थांबतं आणि वर्षभरानं पुन्हा सुरू होतं. ती मोकळी जागा आता भरता येणार नाही.

परवाच्या रविवारी वही माझ्याकडे होती. पोहे केले, चहा केला, सासूबाईंचा पितळी डबा फळीवरून काढून मध्ये ठेवला आणि सगळ्यांना दाखवला. ती मैत्रीण म्हणाली, "कथेत मी तो मोठा केलाय गं, हा तर किती लहान आहे." काकू म्हणाल्या, "खोटं लिहिलंस म्हणजे." आणि आम्ही पाचहीजणी हसलो. पाच वाजले, सगळ्या उठल्या.

तुमच्या गावात अशी वही आहे का? नसेल तर एक दोनशे पानी आणा. आणि एखाद्या मैत्रिणीच्या आनंदाच्या दिवशी तुम्ही मनानं गेला नसाल, तर क्षमावाणीची वाट पाहू नका. आज पाच वाजायच्या आत जाऊन या.

उत्तम क्षमा.